ज्या तालमीने आपली वंशावळ लिहिली नाही: कॅच कुस्ती आणि आजचा पिंजरा (#थ्रेड)

१/ १२ डिसेंबर १९७६. कराचीचे नॅशनल स्टेडियम. जपानच्या अंतोनियो इनोकीने अक्रम पहिलवानाचे मनगट धरले, दुसरा हात त्याच्या दंडाभोवती ओवून स्वतःच्याच मनगटाला अडकवला आणि तो पेच पिळत नेला. अक्रमने हार कबूल केली नाही. हात मात्र निकामी झाला. हा अक्रम इमामबक्षचा मुलगा, म्हणजेच गामा पहिलवानाचा सख्खा पुतण्या.

२/ ही लढत बहुधा एका थोर पहिलवान घराण्याच्या उतरत्या काळाची कहाणी म्हणून सांगितली जाते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. अक्रमचा हात ज्या पेचाने गेला, तो इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींच्या मुलखातून टोकियोमार्गे कराचीला पोहोचला होता. आणि त्याच मुलखातील कुस्तीच्या नियमांनी त्याचा चुलता ६६ वर्षांपूर्वी लंडनमध्ये लढला होता.

३/ या कुस्तीचे नाव 'कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन'. जिथे सापडेल तिथे धरा, असा त्याचा सरळ अर्थ. एकोणिसाव्या शतकात लँकेशायर परगण्यात, विशेषतः विगनसारख्या खाणकामगारांच्या गावांत, ती फोफावली. शेजारच्या कंबरलँडमध्ये दोघांनी आधी एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफायचे आणि मगच जोर लावायचा, अशी रीत होती. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरण्यास मनाई. लँकेशायरच्या खाणकामगाराला असला कोणताही सोवळेपणा मान्य नव्हता. पट काढा, पाय मुरगळा, मान आवळा. समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवा, किंवा त्याच्या तोंडून हार वदवून घ्या.

४/ शेवटच्या वाक्यातील 'किंवा' फार मोलाचे आहे. चीत झाल्यास कुस्ती जाते, म्हणून कॅचचा पहिलवान पाठीवर विसावतच नाही. आपल्या लाल मातीतल्या पठ्ठ्याची भीतीही नेमकी हीच. पण चीत होऊ नये म्हणून तो वळू लागला, की त्याचा हात किंवा पाय उघडा पडतो आणि तेथे पेच बसतो. पेचातून सुटू पाहावे, तर खांदे टेकतात. एका धोक्यातून दुसऱ्यात ढकलत नेण्याचे हे शास्त्र आहे. ब्राझीलच्या जिउ-जित्सूने पाठीवर पडून लढण्याची कला विकसित केली, कारण तेथे पाठ टेकणे हा पराभव नव्हता. दोन्ही विद्यांमधला खरा फरक या एका नियमात आहे. श्रेष्ठ-कनिष्ठाचे वाद नंतरचे.

५/ १० सप्टेंबर १९१०. शेफर्ड्स बुशच्या मैदानावर गामा विरुद्ध पोलंडचा झ्बिश्को, कॅचच्या नियमांनी. अडीच तासांहून अधिक काळ झ्बिश्को मॅटला चिकटून राहिला आणि निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही; जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. (१९२८ मध्ये पतियाळ्याला गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.) आपल्याकडे या लढतीचे राष्ट्रवादी आख्यान झाले, त्यात गामा आहे, गोरा साहेब आहे, पण नियम नाहीत. मातीत वाढलेला पहिलवान परक्या नियमांत इतक्या सहज कसा वावरला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. पट आणि चीत ही भाषा दोन्हीकडे एकच होती, हे त्याचे बरेचसे उत्तर.

६/ मग ही विद्या मागे का पडली? तिला कुणी हरवले नाही. तिने स्वतःला विकले. अडीच तास एकमेकांना धरून बसलेले दोन पुरुष पाहायला प्रेक्षक किती दिवस पैसे देणार? १९२० च्या दशकापर्यंत अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती ठरवून लढली जाऊ लागली. आपल्या शब्दांत, नुरा कुस्ती. खरे पेच जाणणारे पहिलवान उरले, पण तमाशाचे राखणदार म्हणून: एखादा ठरल्याबाहेर वागू लागला, तर त्याला गप्प करण्यापुरते.

७/ विगनमध्ये मात्र बिली रायलीच्या तालमीत खरी विद्या टिकून राहिली. 'स्नेक पिट' हे तिचे नाव. तेथे बेल्जियमचा कार्ल इस्ताझ शिकला. पुढे कार्ल गॉच या नावाने गाजला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो लढला होता. त्याच स्पर्धेत गोळेश्वरचे खाशाबा जाधव सहावे आले होते, हे जाता जाता.

८/ गॉच जपानला गेला आणि तेथे गुरूपदाला पोहोचला. इनोकी त्याचाच शिष्य. त्याच्या तालमीत पोरांकडून शेकड्यांनी बैठका आणि जोर काढून घेतले जात, मुद्गल फिरवले जात. कराचीत अक्रमसमोर उभा राहिलेला जपानी मल्ल काही अंशी आपल्याच आखाड्याच्या व्यायामावर पोसलेला होता.

९/ या परंपरेतल्या फुनाकी आणि सुझुकी यांनी 'पँक्रेस' ही संस्था उभारली. नाव गॉचने सुचवलेले. तिचा पहिला कार्यक्रम २१ सप्टेंबर १९९३ रोजी झाला. यूएफसीचा पहिला १२ नोव्हेंबरला. तरीही मिश्र मार्शल आर्ट्सचा इतिहास सांगणारे बहुतेक जण डेन्व्हर आणि होईस ग्रेसीपासूनच आरंभ करतात. ग्रेसी घराण्याची चिकाटी नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या माएदापासून ते आपली परंपरा सांगतात, तो जपानी ज्युदोपटू १९०८ साली लंडनच्या अल्हाम्ब्रात कॅच स्पर्धेत उतरला होता, हे त्या कथेत क्वचितच येते.

१०/ १ मे २००० रोजी टोकियोत काझुशी साकुराबाने होईसला ९० मिनिटे झुंजवले. अखेर ग्रेसींच्या बाजूनेच लढत थांबवण्यात आली. साकुराबाला बिली रॉबिन्सनची शिकवण लाभली होती; रॉबिन्सन स्नेक पिटचा. ज्या घराण्याने खरेपणाची मिरासदारी सांगितली, त्याला नुरा कुस्तीच्या रिंगणातून आलेल्या माणसाने पेचात आणावे!

११/ मात्र आजचे कॅचचे पुनरुज्जीवक प्रत्येक पेचावर हक्क सांगू लागतात, तेव्हा तेही ग्रेसींचीच चूक गिरवतात. मनगटाचा तो पेच ज्युदोतही होता. कॅचचे ऋण शोधायचे तर पेचांपेक्षा पटात शोधावे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कॅचच्या धर्तीवर फ्रीस्टाइल कुस्ती आली. हार वदवून घेण्याचा भाग गळाला, उरलेला सांगाडा तोच. पिंजऱ्यात आज प्रतिस्पर्ध्याला खाली आणून दाबून ठेवणारे कितीतरी मल्ल याच फ्रीस्टाइलमधून येतात. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबांनी कांस्य मिळवले, तेही हिच्यातच.

१२/ राहिला तो पेच. १९५१ मध्ये मासाहिको किमुराने त्याच डावाने रिओत एलिओ ग्रेसीचा हात मोडला, आणि ब्राझीलवासीयांनी जेत्याचे नाव डावाला दिले. पराभवाची अशी नोंद ठेवणे हा ग्रेसींचा मोठेपणाच. विगनच्या तालमीत त्याला 'डबल रिस्टलॉक' म्हणत. समालोचक आज जगभर 'किमुरा' म्हणतात.