वाचनालयात कायदाही हवा

मोफत कायदेसाहाय्याचे ३९-अ हे कलम १९७६ साली राज्यघटनेत आले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे १२ वे कलम स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व कोठडीतील बंदी यांना उत्पन्नाच्या अटीविना वकील देऊ करते. पण हाती नोटीस पडलेल्या शेतमजूर बाईला हे सांगणार कोण? न्यायालय तिला परके. गावचे वाचनालय निदान तिच्या मुलाच्या ओळखीचे. तेथे कादंबऱ्यांशेजारी या कायद्याची मराठी प्रत व तालुका विधी सेवा समितीकडील अर्जाचे नमुने हवेत. ग्रंथपालाने वकिली करू नये; कलम वाचून दाखवावे, अर्ज भरून द्यावा. (शिधापत्रिकांचे अर्ज आपण भरत आलोच आहोत.) वाचनालयांच्या कार्यकारिणीवरील साथींनी पुढील सभेत तसा ठराव मांडावा.