वर्ग झाला; पुढे काय?

शिक्षणक्षेत्रात सध्या एका शब्दाची मोठी चलती आहे. तो शब्द म्हणजे 'अध्यापक विकास'. महाविद्यालयीन बोलीत त्याला 'फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम' म्हणतात आणि घाईत नुसते 'एफडीपी'. दीपप्रज्वलन, स्वागत, चार-सहा व्याख्याने, समारोप आणि प्रमाणपत्र, असा त्याचा ठरलेला क्रम. २०२० च्या टाळेबंदीत तर घरबसल्या प्रश्नमंजुषा सोडवून प्रमाणपत्र मिळविण्याचीही सोय झाली. पदोन्नतीसाठी असे वर्ग पूर्ण करणे आवश्यक असल्याने प्राध्यापकांची उपस्थिती असते, मूल्यांकन समित्यांना दाखवायचे असल्याने संस्थांचा उत्साह असतो आणि मानधन असल्याने व्याख्यातेही मिळतात. सर्वांचे समाधान होते. प्रश्न उरतो तो एवढाच की, सोमवारी सकाळी तेच प्राध्यापक त्याच वर्गात पुन्हा उभे राहतात, तेव्हा मुलांच्या पदरात काही वेगळे पडते काय?

सरकारने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली आणि उद्बोधन व उजळणी वर्गांची परंपरा पडली. २०१४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने अध्यापकांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि २०२३ च्या शिक्षकदिनी त्याला प्रशिक्षण कार्यक्रमाचे नवे रूप मिळाले. शालेय शिक्षकाने आपल्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाकाठी किमान ५० तास द्यावेत, अशी अपेक्षा २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यक्त केली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु तास मोजता येतात, घडण मोजता येत नाही. आणि जे मोजता येते, तेच शेवटी व्यवस्थेच्या हाती राहते.

या नियतकालिकाच्या वाचकाला ही अडचण समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागू नयेत. संघ शिक्षा वर्गात जाऊन आलेला प्रत्येक स्वयंसेवक जाणतो की, कार्यकर्ता वर्गात घडत नाही. वर्गात त्याला दिशा मिळते, उत्साह मिळतो, काही शारीरिक-बौद्धिक विषयांचा परिचय होतो. पण वर्ग संपल्यावर तो परततो ते शाखेवर. तेथे मुख्य शिक्षक असतो, गटनायक असतो, रोजचे एकत्र येणे असते. एखादा दिवस चुकला तर विचारपूस करणारा कोणी तरी असतो. वर्गात पेरलेले शाखेत रुजते. शाखाच नसती, तर वर्गाची परिणती चार दिवसांच्या आठवणींत झाली असती. आजच्या अध्यापक विकासाचे नेमके हेच झाले आहे. वर्ग भरपूर आहेत. शाखा कोठेच नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीने याचे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा दिले आहे. (१९४९ पर्यंत हा बहुतांश एकच सातारा जिल्हा होता, हेही येथे लक्षात घ्यावे.) चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, बहे, बत्तीस शिराळे ही गावे समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींमुळे सर्वांना ठाऊक आहेत. त्या मूर्तींमागे उभे असलेले संघटन मात्र आपण विसरतो. समर्थांनी ठिकठिकाणी मठ स्थापिले आणि प्रत्येक मठावर महंत नेमला. महंताची कसोटी त्याच्या वक्तृत्वावर ठरत नसे. तो आपल्यासारखी आणखी माणसे तयार करतो की नाही, याकडे समर्थांचे लक्ष होते. दासबोधातील महंतलक्षणे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. आज ज्याला परदेशी पुस्तकांतून 'मेंटॉरिंग' म्हणून आणले जाते, त्याचा विचार आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी कृष्णेच्या खोऱ्यात झालेला होता.

याच खोऱ्यात, कराडजवळच्या काले गावी, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. अण्णा सत्यशोधक विचारांत वाढलेले. त्यांचे वैचारिक कूळ वेगळे. आपली सर्व मते त्यांच्याशी जुळतात, असा आव आणण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या कार्याचा क्रम पाहावा. संस्था साताऱ्यात आली १९२४ मध्ये. शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय त्यांनी १९३५ मध्ये काढले आणि सयाजीराव महाराजांच्या नावाचे पहिले निवासी हायस्कूल निघाले १९४० मध्ये. म्हणजे आधी शिक्षक, मग शाळा! शाळा नसलेल्या खेड्यांतून त्यांनी ज्या व्हॉलंटरी शाळा उघडल्या, त्यांना माणसे पुरविली ती याच विचाराने. आज आपण आधी इमारत बांधतो, मग मान्यता आणतो, मग प्रवेश भरतो आणि सर्वांत शेवटी शिक्षक शोधतो. तोही मिळाला तर तासिका तत्त्वावर.

योगायोग असा की, त्याच १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. एक संस्था बहुजन समाजाच्या झोपडीपर्यंत जाणारी, दुसरी पुण्याच्या विद्वत्परंपरेतून आलेली. पण दोघींच्या रचनेत एक गोष्ट समान होती. एकीत आजीव सेवक, दुसरीत आजीव सदस्य. संस्था चालविणारे आणि वर्गात शिकविणारे हात बव्हंशी एकच. त्यामुळे अध्यापनाचा प्रश्न हा संस्थेचाच प्रश्न असे. सुधारणा सांगायला बाहेरून कोणी यावे लागत नव्हते. संस्थाचालक आणि अध्यापक यांची फारकत झाली, तेव्हापासून मधली जागा भरून काढण्यासाठी 'तज्ज्ञ' येऊ लागले.

जुन्या गौरवावर आपण किती काळ जगणार, असे कोणी विचारील. म्हणून अलीकडचे उदाहरण घेऊ. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांचे नाव दहा-बारा वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर गाजले. तेथील शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावादाच्या आधारे प्राथमिक वर्गांचे रूप पालटण्याचे काम शिक्षकांना बरोबर घेऊन केले. मुले गटागटाने फरशीवर बसलेली, शिक्षकही त्यांच्यातच खाली बसलेला, हाती खडे, काड्या, चित्रे, शब्दपट्ट्या. विस्तार अधिकारी म्हणजे तपासणीला येणारा साहेब, हा समज तेथे मोडला. साहेबाचा मार्गदर्शक झाला आणि शिक्षकांची भीती गेली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक त्या शाळा पाहायला येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला, त्या काळात कुमठे हे जणू तीर्थक्षेत्रच झाले होते.

पुढे जे झाले, ते अधिक बोधप्रद आहे. पाहून गेलेल्या अनेकांनी आपल्या शाळेच्या फरशीवर तशाच रंगीत आकृत्या काढून घेतल्या. आकृत्या उमटल्या, पण त्यांच्याभोवती शिक्षकाशी रोज बोलणारा, त्याच्याबरोबर खाली बसणारा अधिकारी सर्वत्र नव्हता. जेथे तो होता, तेथे शाळा बदलल्या. जेथे नव्हता, तेथे रंग पुसट होत गेले. संस्थापरिवर्तनाचे सारे शास्त्र या एका अनुभवात सामावले आहे. दिसणारी गोष्ट उचलून नेता येते. तिच्यामागची रीत तेथल्या माणसांना रुजवावी लागते.

उच्च शिक्षणातही प्रयत्न नाहीत असे नाही. सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूरजवळ (पूर्वीचे इस्लामपूर) साखराळे येथे १९८३ मध्ये निघालेल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या महाविद्यालयातून, अभियांत्रिकी कशी शिकवावी या विषयाला वाहिलेले 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स' हे इंग्रजी नियतकालिक प्रकाशित होते. उसाच्या पट्ट्यातील एका महाविद्यालयाला असे नियतकालिक चालवावेसे वाटते, याचे मोल मोठे आहे. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने केवळ यंत्रांवर नव्हे, तर आपल्या शिकविण्यावरही संशोधन करावे, हा विचार मुंबई-पुण्याचा मक्ता राहिलेला नाही.

जपानकडे पाहिले तर हीच गोष्ट राष्ट्रव्यापी झालेली दिसते. तेथील प्राथमिक शाळांत शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात. त्यातील एक जण तो पाठ घेतो, इतर मागे उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सर्व जण बसून चर्चा करतात. चर्चा पाठाची होते, शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वाची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ धरलेली ही प्रथा आजही टिकून आहे. तिला भव्य सभागृह लागत नाही, मानधन लागत नाही. लागते ती सहकाऱ्याला आपल्या वर्गात येऊ देण्याची मोकळीक.

आपल्याकडे घोडे अडते ते येथेच. मागच्या बाकावर कोणी येऊन बसणे म्हणजे आपल्यावर अविश्वास, अशी भावना अध्यापकवर्गात खोल रुजली आहे. तिला कारणही आहे. आजवर वर्गात आलेला प्रत्येक जण शेरा मारायलाच आला. गायनाची मैफल गुरूसमोर करण्यात शिष्याला धन्यता वाटते, मग अध्यापनाचीच लाज का वाटावी? कारण समोर बसलेला गुरू नसतो, तपासनीस असतो. मार्गदर्शक आणि मूल्यमापक ही दोन कामे एकाच माणसाकडे दिली की पहिले काम मरते. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल आहे, त्याला आपली अडचण कोण सांगणार?

दुसरी अडचण आर्थिक आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तासिकेवर काम करणाऱ्या प्राध्यापकाला मोबदला मिळतो तो वर्गातील तासाचा. सहकाऱ्याचा पाठ पाहण्याचा, चर्चेचा, विचार करण्याचा तास कोणाच्या हिशेबात धरायचा? एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धावणाऱ्या या तरुण माणसाला संस्थाच नसते, मग संस्थेने त्याला घडवायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या प्राथमिक स्तरावरील कार्यरत शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. निकालाचा मान राखलाच पाहिजे. परंतु परीक्षेने पात्रता सिद्ध होते. पात्रता वाढविण्याचे काम त्यानंतरही शिल्लक राहते आणि ते परीक्षेला करता येत नाही.

मग करावे काय? प्रत्येक शिक्षणसंस्थेने एक पूर्णवेळ, जाणकार अध्यापक केवळ या कामासाठी मोकळा करावा. त्याने गोपनीय अहवाल लिहू नये, वेळापत्रक लावू नये, माहितीचे तक्ते भरू नयेत. त्याने सहकाऱ्यांच्या वर्गात बसावे, स्वतःच्या वर्गात त्यांना बोलवावे, नवागताचे पहिले वर्ष सांभाळावे. बाहेरच्या वर्गाला जाऊन आलेल्या प्राध्यापकाने तेथून आणलेली एक तरी गोष्ट महिनाभर करून पाहिली की नाही, याची आपुलकीने विचारपूस करावी. आणि आरंभ प्राचार्यांच्या तासापासून व्हावा. वरिष्ठाने आपला पाठ आधी दाखविला, तर कनिष्ठाची भीड आपोआप चेपते.

हे काम करणारी माणसे कोठून येणार? ती आपल्याच घरांतून यायला हवीत. अध्यापक घडविणे हा आज एक व्यवसाय म्हणून उभा राहत आहे. कंपन्यांत मार्गदर्शकांना मागणी आहे, विद्यापीठांनाही ती भासू लागली आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी मुलामुलींपुढे अभियंता, डॉक्टर, अधिकारी यांच्या पंक्तीत हाही मार्ग ठेवावा. अट एकच : त्याने आधी दहा वर्षे स्वतः वर्गात काढलेली असावीत. फळ्यासमोर कधी उभा न राहिलेला मार्गदर्शक सरकपट्ट्या सुंदर दाखवील. पण शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या मुलाचे काय करावे, हे त्याला सांगता येणार नाही.

आपल्या विचाराच्या संस्थांची जबाबदारी येथे दुहेरी आहे. विद्या भारतीच्या शाळांत शिक्षकाला 'आचार्य' म्हणतात. हे नाव नुसते पाटीवर शोभत नाही. जो स्वतः आचरतो आणि दुसऱ्याकडून आचरण करवितो, तो आचार्य. आपल्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत बांधकाम, निधी आणि न्यायालयीन खटले यांवर किती वेळ जातो आणि वर्गातील अध्यापनावर किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. तो हिशेब सुखावह नसेल, तर पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवरचा पहिला विषय हाच घ्यावा. रोज एकत्र येण्याची रीत ज्यांना शंभर वर्षे परिचित आहे, त्यांना शिक्षकांची शाखा लावणे अवघड जाऊ नये.