विश्लेषण : पदवीनंतर अमेरिकेत नोकरी… हिशेब दिवसांचा!

मे महिन्यात अमेरिकेत पदवीदान होते, पुण्या-नाशिकच्या घरांत टोपी-झग्यातले फोटो येतात आणि मुलांच्या डोक्यावरचे एक घड्याळ टिकटिकू लागते. ते किती दिवसांचे, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते, असे ‘ओपन डोअर्स’ अहवाल सांगतो. त्यांतले ९७ हजारांहून अधिक वर्गात नव्हतेच. शिक्षण संपवून ते ‘ओपीटी’वर होते. कर्ज काढून जाण्याचे सारे गणित याच तीन अक्षरांवर उभे असते.

‘ओपीटी’ म्हणजे काय?

ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. हा वेगळा व्हिसा नाही. एफ-१ या विद्यार्थी दर्जावरच, शिकलेल्या विषयाशी संबंधित काम करण्याची ही १२ महिन्यांची परवानगी. अभ्यासक्रम ‘स्टेम’ यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे कोणाला एक वर्ष, कोणाला तीन. हा फरक पदवीच्या नावावर नव्हे, विद्यापीठाने अभ्यासक्रमाला दिलेल्या सीआयपी कोडवर ठरतो. त्यामुळे एका विद्यापीठाचे एमबीए स्टेममध्ये असते, दुसऱ्याचे नसते. प्रवेश घेताना विद्यापीठाची क्रमवारी दहादा पाहिली जाते. हा कोड विचारणारे थोडेच.

दिवस कसे मोजतात?

अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. काम सुरू होण्याची तारीख विद्यार्थ्यानेच निवडायची, तीही त्या ६० दिवसांतलीच. खरी मेख इथे आहे. परवानगीपत्रावरच्या त्या तारखेपासून नोकरीविना गेलेला प्रत्येक दिवस मोजला जातो, शनिवार-रविवारही. पहिल्या १२ महिन्यांत असे एकूण ९० दिवस चालतात. सलग नव्हे, एकूण. स्टेमची मुदतवाढ मिळाल्यास सर्व काळ मिळून १५०. म्हणून हातात नोकरी नसेल तर अलीकडची तारीख टाकण्याची घाई महागात पडते.

पहिल्या टप्प्यात आठवड्याला किमान २० तासांचे, विषयाशी संबंधित विनावेतन कामही नियमात बसू शकते. स्टेमच्या टप्प्यात मात्र नाही. तिथे पगार हवा, कंपनी ‘ई-व्हेरिफाय’मध्ये नोंदलेली हवी आणि प्रशिक्षणाचा आराखडा सहीनिशी द्यावा लागतो.

ऐंशीवा दिवस उजाडला की ‘कागदावर नोकरी दाखवून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागण्यापेक्षा परतीचे तिकीट स्वस्त, असे स्पष्टच सांगायला हवे. खोटी नोकरी आज खपली, तरी पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या छाननीत वर येऊ शकते आणि तेव्हा खुलासा विद्यार्थ्यालाच द्यावा लागतो.

पुढची पायरी किती अवघड?

एच-१बीच्या वर्षाला ६५ हजार जागा, अमेरिकी पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार. नोंदणी मार्चमध्ये, काम १ ऑक्टोबरपासून. स्टेमवाल्याला साधारण तीन मार्च मिळतात, इतरांना बहुधा एकच. २०२६ पासून निवडीत पगाराच्या पातळीला वजन आहे : वरच्या पातळीच्या अर्जाच्या चार चिठ्ठ्या, सर्वांत खालच्याची एक. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना याचा फटका बसणार, हे उघड आहे.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क आले. अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असे तिथल्या यंत्रणेने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केले. म्हणजे दिवस संपल्यामुळे मायदेशी परतलेल्या मुलाला तीच नोकरी द्यायची, तर कंपनीला १ लाख डॉलर मोजण्याची तयारी हवी.

आणि बँकेचे घड्याळ?

भारतीय बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याज मात्र कर्ज उचलल्यापासून चढत असते. नोकरीविना ९० दिवस भरून मुलगा घरी आला, की पहिल्या हप्त्याला सात-आठ महिने उरलेले असतात. हप्ता ठरवताना डॉलरमधला पगार गृहीत धरलेला असतो. फेडायचा असतो तो पुण्यातल्या पगारातून.