कुरतडणारे पिल्लू आणि त्याचे घर

पावसाळा तोंडावर आला की शेतकरी झोपडी शाकारतो, गोठ्याचे छप्पर नीट करतो आणि मग त्याला राखणीच्या कुत्र्याची आठवण होते. आमच्या पांडेसरा भागात खानदेशातून, नवापूर-साक्रीकडून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. घरातले कोणी कापडाच्या गिरणीत, कोणी मागावर, आणि शेताचा तुकडा गावाकडे किंवा पलसाणा-बारडोलीच्या बाजूला, असा कित्येकांचा दुहेरी प्रपंच असतो. राखणीसाठी पिल्लू आणले जाते. ते चार महिन्यांचे होते न होते तोच चपला, दोर, ठिबकची नळी, खाटेचा पाय, जे दिसेल ते दाताखाली घेते. त्याच्यासाठी बांधलेले फळ्यांचे खोपटेही पंधरा दिवसांत अर्धे खाऊन होते. मग प्रश्न येतो, "फादर, याला फोडता येणार नाही असे घर कोणते?"

आमचे उत्तर थोडक्यात असे. उंच चौथऱ्यावर विटांचे साधे घर बांधावे आणि त्यात दाताला धरायला कडा ठेवू नये. पण पिल्लाच्या गळ्यात दिवसभर साखळी असेल, तर लोखंडाचे घर करूनही उपयोग नाही. घर टिकेल, कुत्रा मात्र बिघडेल. या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पिल्लू कुरतडते ते खोडसाळपणाने नव्हे. त्याला आधी २८ दुधाचे दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. आपले तान्हे मूल जसे मिळेल ती वस्तू तोंडात घालते, तसेच हे. पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत अंगातली रग आणि पाहावे ते चाखून पाहण्याची सवय राहते. त्यानंतरही कुत्रा कुरतडतच राहिला, तर त्याला बहुधा एकटेपणा, कोंडमारा किंवा भूक यांपैकी काहीतरी छळत असते. म्हणजे ही खोड एका वयाची आहे. घर मात्र दहा-बारा वर्षांसाठी बांधायचे असते.

आता आपल्याकडे घरे कशाची करतात ते पाहू. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. त्यांतून निघालेली प्लास्टिकची निळी पिंपे भंगारात स्वस्त मिळतात. पिंप आडवे ठेवले, तोंड कापले की घर तयार. वरून ते मजबूत दिसते. पण त्यात रंग, आम्ल किंवा दुसरे कोणते रसायन होते हे भंगारवालाही सांगू शकत नाही, आणि कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेला अंश सुटत नाही. कापलेली कडा पिल्लू पहिल्याच दिवशी चघळू लागते. शिवाय उन्हात अशा पिंपाची भट्टी होते. ज्या पिंपात आपण प्यायचे पाणी भरणार नाही, त्यात पिल्लू झोपवू नये, इतका साधा नियम पाळावा.

दुसरी वस्तू म्हणजे यंत्रसामग्रीबरोबर येणारी लाकडी खोकी. परदेशी खोक्यांवर गव्हाच्या कणसासारखे चिन्ह आणि रोमन अक्षरे छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या जातीचे लाकूड घेऊच नये. पहिल्या जातीचे घेतले तरी त्यावर तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग नाहीत ना हे पाहावे आणि खिळे उपटून काढावेत. प्लायवूडचे तर नावच नको. पावसात त्याचे पदर सुटतात आणि सुटलेला पदर हे पिल्लाला आमंत्रणच. जुने रंगवलेले दरवाजे व खिडक्याही नकोत. घरगुती रंगातील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याचा संभव आहे, आणि रंगाच्या ढलप्या पोटात गेल्या तर ते विषच आहे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फुटले, घासले गेले की त्याचे तंतू हवेत उडतात आणि माणसाच्या फुप्फुसाला कर्करोगापर्यंत पोचवतात. त्यांचे तुकडे जोडून घर करू नये.

कोणी म्हणेल, मग सरळ लोखंडी गजांचा पिंजराच करावा. हाही मार्ग आम्हाला पसंत नाही. गज चावता चावता कुत्र्याचे सुळे तुटतात. कोंबड्यांची बारीक जाळी लावली तर तारेचे तुकडे पोटात जातात. नुसता जस्ती पत्रा वैशाख-ज्येष्ठात असा तापतो की आत हात ठेववत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. तापलेल्या पत्र्याखाली त्याचा जीवही जाऊ शकतो.

म्हणून वीट आणि सिमेंट. यातील मर्म असे की, कुत्र्याला सपाट भिंत चावता येत नाही. जबड्यात धरायला त्याला कडा, कोपरा किंवा फट लागते. गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीत तो दात रोवणार कुठे? उरते ती दाराची चौकट. तिला लाकूड लावूच नये. विटांच्या कडा गिलाव्याने गोल करून घ्याव्यात, किंवा त्यावर बोथट कडेचा लोखंडी अँगल पक्का बसवावा.

बांधणीची मापे अशी धरावीत. आपल्या गावठी जातीच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला आतून साडेतीन फूट लांबी, अडीच फूट रुंदी आणि तीन फूट उंची पुरते. कुत्र्याला उभे राहता यावे, गोल वळता यावे, पाय पसरून निजता यावे, एवढेच माप. फार मोठे घर थंडीत ऊब धरत नाही. चौथरा निदान एक फूट उंच असावा. खाडीचे पाणी चढते अशा सखल जागी दीड-दोन फूट करावा. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरतेची काय दशा केली ते ज्यांनी पाहिले, त्यांना हे अधिक सांगायला नको. जमिनीवर शहाबादी किंवा कोटा फरशी बसवून तिला दाराकडे किंचित उतार द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी निघून जाईल. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचे ऊनही पश्चिमेचे, म्हणून दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावे. वर मंगलोरी कौले घालावीत आणि वळचण फूटभर पुढे काढावी. कौले उचलून आतून सफाई करता येते, हा आणखी एक फायदा. साधारण २५० ते ३०० विटा, दोन-तीन गोण्या सिमेंट आणि गवंड्याचे दोन दिवस, एवढ्यात काम उरकते. घर बांधताना उरलेल्या विटा असतील तर खर्च त्याहून कमी.

ज्यांचे घर भाड्याचे आहे किंवा शेत खंडाने घेतलेले आहे, त्यांना पक्के बांधकाम जमणार नाही. त्यांनी अँगलची चौकट करून तिच्या आतल्या बाजूने जाड सागाच्या किंवा बाभळीच्या फळ्या बसवाव्यात. फळ्यांच्या सगळ्या कडा अँगलच्या आड जातील असे पाहावे. खिळ्यांऐवजी बोल्ट वापरावेत आणि त्यांची डोकी बाहेरच्या बाजूस ठेवावीत. पाय विटांवर टेकवावेत, म्हणजे वाळवी लागणार नाही. रंग देऊ नये. कडुनिंबाच्या पाल्याचा लगदा फळीला चोळला तर काही पिल्ले दूर राहतात, काही दाद देत नाहीत. तिखट मात्र कधीही लावू नये. त्याने डोळे आणि नाक जळते, सवय जात नाही.

अंथरुणाबाबत एक इशारा. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या गोण्या पिल्लाखाली घालण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती बंद करावी. औषधाचा अंश एक धोका, आणि सुटलेले धागे आतड्यात अडकतात हा दुसरा. कोरडा भाताचा पेंढा घालावा आणि आठवड्याला बदलावा. भिंतीला चीर पडली की लगेच बुजवावी, कारण गोचिडीची मादी अशाच फटीत शेकड्यांनी, हजारांनी अंडी घालते.

उरलेले अन्न घरापाशी ठेवू नये. त्याच्या वासाने उंदीर येतात. सुरत, नवसारी, वलसाड या आपल्या जिल्ह्यांत भात आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस गाठतो. त्याचे जंतू उंदरांच्या, आणि कधी कुत्र्यांच्याही, मूत्रातून पाण्यात उतरतात व पायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. कुत्र्याला या रोगाची लस देता येते. कुत्र्याचे घर स्वच्छ ठेवण्यात आपल्या पोराबाळांचेही आरोग्य आहे.

आता साखळीविषयी. कोणी आम्हाला म्हणतात, "राखणीचा कुत्रा बांधून ठेवला तरच तापट होतो. मोकळा आणि लाडका केला तर चोरापुढेही शेपूट हलवील." आम्हाला हे पटत नाही. राखणीला भुंकणारा कुत्रा हवा, चावणारा नव्हे. परका माणूस ओळखून घरच्यांना जागे करणे एवढेच त्याचे काम, आणि त्यासाठी घरची माणसे कोण हे त्याला आधी कळले पाहिजे. दिवसभर बांधलेले पिल्लू कोणालाच ओळखत नाही. ते प्रथम घर कुरतडते, मग साखळी, मग स्वतःचेच पंजे. एक दिवस साखळी तुटते आणि चावा बसतो तो चोराला नव्हे, शेजारच्या पोराला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही हेच सांगतो. फार आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे त्यात गुन्हे धरले आहेत.

तेव्हा पिल्लाला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास बरोबर घेऊन शेताची फेरी मारावी. चघळायला त्याचे स्वतःचे काहीतरी द्यावे: मोठे गाजर, कुत्र्यांसाठी मिळणारे जाड रबरी कडे, किंवा जाड सुती कापडाची गाठ, आणि तिचे धागे सुटू लागताच ती काढून घ्यावी. शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या टोकदार चिपा होतात. वस्तू बदलून द्यावी, मारू नये. जंताचे औषध वेळेवर द्यावे. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती चालू ठेवावी. इतके करूनही कोणाला चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर चुना-मिरची लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

आम्हाला सर्वांत जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. पिल्लाने खोपटे खाल्ले, चपला खाल्ल्या, म्हणून वैतागून त्याला पोत्यात घालून दूरच्या नाक्यावर सोडून येणारे लोक आपल्यातही आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल तक्रार करतो तोही आपणच, आणि त्यांत भर घालतो तोही आपणच. दात येण्याच्या वयाची शिक्षा म्हणून एखाद्या जिवाला देशोधडीला लावणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही सोबत चालतो. प्लेगपीडितांचा आश्रयदाता संत रोक याच्या मूर्तीपाशी, तो आजारी असताना त्याला भाकरी आणून देणारा कुत्रा दाखवलेला असतो. १९९४ च्या प्लेगची भीती अनुभवलेल्या सुरतेत या संताची आठवण विशेष व्हावी. त्याचा सण १६ ऑगस्टला येतो.

त्याचबरोबर दुसरे टोकही नको. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २४१६ ते २४१८ या परिच्छेदांत, प्राण्यांना उगाच यातना देऊ नयेत ही शिकवण आहे, आणि माणसांचे दुःख निवारण्यास आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये हीही आहे. शहरात हजारो रुपयांची तयार विलायती घरे मिळतात. ती घेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शेजारच्या मुलाची शाळेची फी थकली असताना कुत्र्यासाठी असली चैन करू नये. विटांचे घर, कोरडा पेंढा, स्वच्छ पाणी, लस आणि धन्याचा रोजचा तासभर, यापेक्षा अधिक कुत्रा मागत नाही.

ज्या बांधवांच्या घरी यंदा नवे पिल्लू आले आहे, त्यांनी पहिला पाऊस पडण्यापूर्वी चौथरा घालून घ्यावा. ज्यांना पिल्लाच्या पुढच्या वर्ष-दीड वर्षाच्या खोड्या सोसण्याची तयारी नाही, त्यांनी ते आणूच नये. हेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्यात कमीपणा नाही.