परीक्षकांचा वारंगुळा

बिलोलीच्या एका प्राध्यापकांकडून परवा आमच्या नियतकालिकाकडे एक शोधनिबंध तपासून परत आला. विषय सोयाबीनच्या उत्पादनखर्चाचा. समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं : ‘हा मजुरीचा दर कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा?’ अशा तब्बल चोवीस नोंदी. दिवसभराचे तास आटोपून त्यांनी यासाठी आठ रात्री घातल्या. बदल्यात काय मिळालं? आमचं आभाराचं पत्र, बस्स.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठीच्या गुणतक्त्यात मानव्यशाखेच्या शोधनिबंधाला 10 गुण आहेत, विज्ञानशाखेच्या निबंधाला 8. दुसऱ्याचा निबंध नीट वाचून देणाऱ्याला त्या तक्त्यात जागाच नाही. मग लिहायला झुंबड उडते आणि तपासायला तेच चारदोघे राबतात. हा अन्याय आहे, आणि त्यात आम्ही संपादकही सामील आहोत.

आपल्याकडे शेतात वारंगुळा चालतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. कुणाचे किती दिवस फेडायचे, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याच न्यायाने एका निबंधामागे दोन परीक्षक राबत असतील, तर लेखकाकडे दोन परीक्षणं फिटायची राहतात.

या अंकापासून आम्ही तसा हिशेब ठेवणार आहोत. ज्याचं देणं बाकी, त्याचा पुढचा निबंध थांबेल. नवख्या संशोधकाला पहिल्या निबंधापुरती सूट. परीक्षणाचं प्रमाणपत्र मिळेल, पण निबंधाचं नाव गुप्तच राहील. मानधन मात्र तूर्त देता येत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने पदोन्नतीच्या वेळी ही प्रमाणपत्रं विचारात घ्यावीत, अशी विनंती आम्ही करत आहोत.