कायदा बदलला, पोलिसांचे काय?

1 जुलै 2024 पासून इंग्रजी अमदानीतील दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. 144 कलमाची जमावबंदी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली होते. सीमाभागातील मराठी माणसाला या हत्याराची ओळख करून द्यायला नको. जुलै 2014 मध्ये फलकावरून येळ्ळूरमध्ये झालेला लाठीमार आपण विसरलेलो नाही.

तरीही नव्या कायद्यात आपल्या उपयोगाचे काही आहे. झडतीचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, तिची प्रत फुकट मिळते. शिवाय अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. न कळणाऱ्या कन्नड कागदावर मुकाट्याने सही करू नका, मराठीत मागा.

पण पोलिसांवर देखरेख कोणाची? प्रकाश सिंग खटल्यात 2006 साली न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. कर्नाटकाने त्यासाठी 2012 साली कायदा दुरुस्त केला. आपल्यापैकी किती जणांनी तिथे अर्ज केला? घटनेच्या 350 व्या कलमाने गाऱ्हाणे मराठीतून मांडण्याचा हक्क दिला आहे.

महाराष्ट्राचा 2004 चा दावा निकाली निघेल तेव्हा निघेल. तोवर मोर्चातल्या घोषणेइतकीच, दुसऱ्या दिवशी दिलेल्या अर्जाची पोचही जपून ठेवली पाहिजे.