एररचं तोंड दाबू नका

लायडारवर लिहीन लिहीन म्हणत बरेच वीकांत गेले. आज मुहूर्त लागला, तोही स्वतःच्या फजितीमुळे!

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानातून जमिनीकडे लेझर सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. असे कोट्यवधी बिंदू जमतात, प्रत्येकाला एक्स, वाय आणि उंची. हा झाला पॉइंट क्लाउड. तो साठवायचा फॉरमॅट म्हणजे लॅस, २००३ सालचा; त्याची १.४ ही आवृत्ती २०११ मध्ये आली. लॅसचं आवळून लहान केलेलं रूप म्हणजे लॅझ, मार्टिन आयझेनबर्ग यांची देणगी. आणि पायथनमधून हे सगळं वाचायला लॅसपाय.

तर झालं असं. नेदरलँड्समध्ये एएचएन नावाचा देशभरचा उंचीचा डेटा आहे, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्या देशाचा साधारण पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली. बांध किती उंच, हा तिथे जगण्या-बुडण्याचा प्रश्न! मी त्यावर पुराचं पाणी कुठे पसरेल याचं एक मॉडेल करत होतो. मोठ्या फाइल्स कापून ४०० तुकडे केले, सर्व्हरवर कॉपी केले, रात्री लूप लावला. एका तुकड्यावर गाडी अडली: 'फेल्ड टू फिल होल बफर'. रात्रीचा एक वाजलेला. मी जांभई देत ट्राय-एक्सेप्ट-पास लिहिलं आणि झोपलो.

सकाळी सगळं सुरळीत. नकाशाही देखणा. फक्त एका ठिकाणी पाणी बांध ओलांडून खुशाल पलीकडे चाललेलं. शेजारी बसणाऱ्या मित्राने विचारलं, "अरे, इथला बांध कुठे गेला?" शोधलं तर ३ तुकडे वाचलेच गेले नव्हते. तिथे पडलेली भोकं पुढच्या पायरीने आजूबाजूच्या उंचीवरून छान गुळगुळीत बुजवली होती. बांध पाण्याने नाही, माझ्या 'पास'ने वाहून गेला! मित्राचं लक्ष गेलं नसतं तर तोच नकाशा पुढे गेला असता.

तो एरर काय सांगत होता? अगदी साधी गोष्ट: मला इतके बाइट हवे होते, फाइल मध्येच संपली. म्हणजे कॉपी अर्धवट झालेली. पाच मिनिटांचं काम होतं. पण आपल्याला सवय अशी की एरर दिसला की तो वाचायचा नाही, गूगलबाबाला किंवा हल्ली एआयला चिकटवायचा, आणि जे उत्तर येईल त्याने लाल अक्षरं घालवायची. माझं म्हणणं एवढंच आहे की लाल अक्षरं जाणं आणि चूक दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लायडारमध्ये तर एरर बऱ्यापैकी स्पष्ट बोलतात. 'नो लॅझबॅकएंड सिलेक्टेड' म्हणजे फाइल ठीक आहे, पण आवळलेलं सोडवणारी लायब्ररी नाही. लॅझआरएस किंवा लॅसझिप टाका. 'लॅसपाय हॅज नो ॲट्रिब्यूट फाइल' म्हणजे तुम्ही जुन्या उत्तरातला कोड उचललात. २०२१ च्या २.० आवृत्तीपासून लॅसपायची ती पद्धत गेली, आता रीड किंवा ओपन वापरायचं. मेमरी संपली असेल तर हिशेब करा: फॉरमॅट ६ मध्ये एका बिंदूला किमान ३० बाइट, म्हणजे १० कोटी बिंदूंना ३ जीबी, आणि एक्स-वाय-झेड दशांशात काढले की आणखी २.४ जीबी. रॅम वाढवण्याआधी चंक इटरेटरने १०-१० लाख बिंदू वाचून बघा.

आणि फाइलची सही चुकीची म्हणाला, तर फाइल बायनरीत उघडून पहिले ४ बाइट छापा. तिथे 'एलएएसएफ' हवं. डॉकटाइप दिसलं तर तुम्ही फाइलऐवजी लॉगिनचं पान उतरवलंय. 'व्हर्स' दिसलं तर बहुतेक तो गिट एलएफएसचा सुमारे १३० बाइटांचा पॉइंटर आहे, खरी फाइल आलेलीच नाही. मी एकदा अशाच फाइलपायी अख्खं एन्व्हायर्नमेंट दोनदा नव्याने बसवलंय, हसू नका.

आता कुणी म्हणेल, एका फाइलसाठी रात्रभराचा जॉब थांबवायचा का? नाही, थांबवू नका. एक्सेप्ट जरूर लिहा, पण त्यात 'पास' नको. फाइलचं नाव आणि एरर नोंदवा, शेवटी मोजदाद करा. ४०० मागितले आणि ३९७ आले, तर नकाशा बनताच कामा नये. हेडरमध्ये बिंदूंची संख्या लिहिलेली असते, वाचलेल्या बिंदूंशी ती ताडून बघा. साधी लॅस असेल तर आणखी सोपं: बिंदू जिथे सुरू होतात तो बाइट, अधिक बिंदूंची संख्या गुणिले एका बिंदूची लांबी. फाइल त्याहून लहान असेल तर ती तुटलेली आहे. हेडरपुढचे बिंदू वाचायचीही गरज नाही.

खरी भीती एरर देणाऱ्या फाइलची नाहीच. लॅसपायमध्ये कॅपिटल एक्स घेतला तर कच्चे पूर्णांक मिळतात, स्मॉल एक्स घेतला तर स्केल आणि ऑफसेट लावलेले खरे आकडे. दोन्ही निमूट चालतात, एकही तक्रार नाही. तिथे आपल्याला सावध करणारं कुणी नसतं. म्हणून जिथे कुणी ओरडून सांगतंय, तिथे तरी ऐकून घ्यावं.

असो. ते ३ तुकडे पुन्हा कॉपी केले, बांध जागेवर आला, पाणी अलीकडेच थांबलं. मित्राला मिसळ द्यायची आहे, या रविवारी नक्की.